पंधरा मिनिटांवर ऑफिस

कुलाब्यात राहतो म्हणून सांगितलं की मुंबईतला माणूस आधी माझ्या चपलांकडे बघतो, मग चेहऱ्याकडे. गावाकडची गोष्ट वेगळी आहे. हट्ट्यात कुलाबा म्हटलं की बऱ्याच जणांना हवामानाच्या बातम्या आठवतात. कुलाबा इथे कमाल तापमान इतकं, सांताक्रूझ इथे तितकं. माझ्या एका चुलत्यानं तर विचारलं होतं, "तिथं नुसतं तापमान मोजायचं ऑफिस हाये का माणसं बी राहतात?"

राहतात. मीही राहतो, दोन वर्षं झाली. हट्टा हे हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातलं माझं गाव. नांदेडला इंजिनिअरिंग केलं, पुण्यात चार वर्षं कोड लिहिला, मग कंपनीने मुंबईतल्या एका क्लायंटकडे पाठवलं. क्लायंट म्हणजे एक बँक, आणि तिचं ऑफिस कफ परेडच्या एका टॉवरमध्ये. मी बँकेचा माणूस नाही, त्यामुळे माझ्या आयकार्डाच्या पट्टीचा रंग वेगळा आहे. कुलाबा मार्केटच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या पागडीच्या इमारतीत, काकूंकडे आम्ही तिघं पेइंग गेस्ट राहतो. काकूंचे सासरे गोदीत नोकरीला होते तेव्हा त्यांनी ही जागा घेतली. तिचं भाडं आजही शेकड्यांत आहे. आम्ही तिघं जे देतो त्यावर काकूंचं घर चालतं. जिना लाकडी आहे आणि तिसरी पायरी सोडून पाय टाकायचा असतो, हे नवीन माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जातं.

म्हणजे देशातल्या महागड्या वस्त्यांपैकी एकीत राहूनही मी श्रीमंत नाही. पण मला ती वस्ती रोज दिसते, सकाळी सहापासून रात्री बारापर्यंत. गावाकडून फोन आला की हमखास प्रश्न येतो, "तिथं श्रीमंत लोकं राहतात म्हणं. कसे राहतात?" सुरुवातीला मी गाड्यांची नावं सांगायचो. आता सांगत नाही, कारण गाड्या पुण्यातही दिसतात. इथल्या श्रीमंतीची खूण वेगळी आहे, ती लक्षात यायला मला वर्ष लागलं. इथे सगळं जवळ आहे.

*

कुलाबा म्हणजे मुंबईच्या दक्षिण टोकाला समुद्रात गेलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. पूर्वेला मुंबईचं बंदर, पश्चिमेला बॅक बे. मुळात हे वेगळं बेट होतं. 1838 मध्ये कॉजवे बांधला आणि ते मुंबईला जोडलं गेलं. ज्या कुलाबा कॉजवेवर आज पोरी कानातलं घेताना घासाघीस करतात, तो समुद्रातून काढलेला रस्ता होता. 1875 मध्ये बंदराच्या बाजूला ससून डॉक झाला. पश्चिमेची कडा सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने भर टाकून वाढवली आणि 1906 मध्ये तिथे समुद्राकाठी फिरायला रस्ता केला. ट्रस्टच्या टी. डब्ल्यू. कफ यांच्या नावावरून तो कफ परेड. पुढे 1960-70 च्या दशकांत त्या परेडच्या समोरचा समुद्रही बुजवला आणि त्यावर टॉवर उभे राहिले. समुद्राकाठी फिरायचा रस्ता समुद्रापासून लांब पडला. माझं ऑफिस त्या बुजवलेल्या समुद्रावर आहे.

घरापासून ते पंधरा मिनिटं चालत. वाटेत मार्केट, दवाखाने, दोन बँका, केमिस्ट, इस्त्रीवाला, बेकरी. संध्याकाळी वाटलं तर उलट्या बाजूने गेटवे. रविवारी मी कधीकधी नेव्ही नगरच्या दिशेने जातो. त्या टोकाला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च आहे. भारतात बनलेला पहिलावहिला डिजिटल कॉम्प्युटर, टिफ्रॅक, तिथल्या माणसांनी बनवला. 1960 मध्ये तो चालू झाला. आपल्या धंद्याचं मूळ पीठच म्हणायचं ते. माझ्यासारख्याला आत कोण सोडणार, पण गेटपर्यंत जाऊन यायला मला आवडतं.

पाऊससुद्धा इथे जरा सांभाळून पडतो की काय असं वाटतं. 26 जुलै 2005 च्या त्या दिवसात सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या जिल्ह्यात अख्ख्या पावसाळ्यात पडतो, साधारण तेवढा. त्याच दिवशी कुलाब्याच्या वेधशाळेत नोंद झाली ती 74 मिलिमीटरच्या आसपास. काकू म्हणतात, त्या दिवशी त्यांनी दुपारी भजी केली होती आणि उपनगरांत काय चाललंय ते त्यांना संध्याकाळी टीव्ही लावल्यावर कळलं.

जवळ असणं ही चैन नसते, हे मला ज्या रात्री कळलं ती रात्र सांगतो. मागच्या वर्षी काकूंना मध्यरात्रीनंतर दोन वाजता धाप लागली. आम्ही तिघांनी त्यांना खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं, तिसरी पायरी सोडून. गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी उभी होती. दोन वाजून वीस मिनिटांनी काकू ऑक्सिजनवर होत्या. चार दिवसांनी घरी आल्या आणि आल्याआल्या आम्ही फ्रीज कसा ठेवलाय यावरून बोलल्या.

त्या रात्री हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून मी मिनिटं मोजत होतो, आणि डोक्यात सारखी आजी येत होती. 2016 च्या मे महिन्यात तिच्या छातीत कळ आली. गावातली जीप मिळायला अर्धा तास. मग वसमत. वसमतच्या डॉक्टरांनी त्यांच्या हातात होतं तेवढं सगळं केलं आणि म्हणाले, नांदेडला न्या. त्यांचं बरोबर होतं. आम्ही निघालो. नांदेड यायच्या आधी आजी गेली. जीप थांबवायची की पुढे न्यायची हे कुणाला ठरवता येईना, म्हणून ती तशीच थोडा वेळ चालत राहिली.

आजीला आणि काकूंना झालेला त्रास एकच होता असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो, की काकूंच्या बाजूने वीस मिनिटं होती.

*

आमच्या कामात लेटन्सी नावाचा शब्द आहे. तुम्ही फोनवर बोट टेकवल्यापासून उत्तर स्क्रीनवर येईपर्यंतचा वेळ. व्हिडिओ झटकन सुरू होतो, कारण त्याची प्रत तुमच्या शहराजवळच्या सर्व्हरवर आधीच आणून ठेवलेली असते. मूळ सर्व्हर होता तिथेच आहे. अंतर कुणीतरी आधी कापून ठेवलंय, म्हणून तुम्हाला ते जाणवत नाही.

कुलाब्याचा दिवस मला तसाच दिसायला लागला.

सकाळी सहाला आमच्या गल्लीतून कफ परेडकडे माणसं चालत येतात. कुत्रे फिरवणारी पोरं, गाड्या पुसणारे, दूधवाले, पेपरवाले, स्वयंपाकाच्या बाया. साडेसहाला टॉवरमधले साहेब लोक बूट घालून धावायला उतरतात, तेव्हा त्यांची गाडी पुसलेली असते, कुत्रा फिरून आलेला असतो. आमच्या ऑफिसच्या बिल्डिंगचा वॉचमन नालासोपाऱ्याहून येतो. सातची ड्युटी गाठायला तो साडेचारला उठतो. सर्व्हिस लिफ्टपाशी रोज भेटणाऱ्या मावशी मानखुर्दच्या आहेत. हार्बर लाइनने सीएसएमटी, तिथून बस. या शहरात हार्बर लाइन नावाची रेल्वे आहे, आणि हार्बरच्या काठावर फ्लॅट असलेल्यांना ती कधी लागत नाही.

एकेकाळी कुलाब्यात रेल्वे होती. मोठं स्टेशन होतं. बीबीसीआय रेल्वेने बॉम्बे सेंट्रल सुरू केलं आणि 1930 च्या अखेरीस कुलाबा स्टेशन बंद झालं. त्या जागी आज बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. त्यानंतर थेट ऑक्टोबर 2025 मध्ये मेट्रो तीन जमिनीखालून कफ परेडपर्यंत आली. मधली जवळजवळ 95 वर्षं इथे कामाला येणाऱ्या प्रत्येकाला चर्चगेटला किंवा सीएसएमटीला उतरून पुढे बस, टॅक्सी नाहीतर पाय वापरावे लागले. वॉचमनला मी विचारलं, मेट्रोचा फायदा झाला का? तो म्हणाला, त्याचा लोकलचा पास आहे, तो जुन्याच वाटेने येतो.

पाण्याचंही असंच. आमच्या बिल्डिंगला सकाळी ठरलेल्या वेळी पाणी येतं, टॉवरमध्ये चोवीस तास असतं. बेटावर गोड पाणी कुठून येणार? ते भातसा, तानसा, वैतरणा या धरणांतून येतं. भातसा इथून जवळपास शंभर किलोमीटर, शहापूर तालुक्यात. त्याच शहापूर तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. मला यात नवल वाटलं नाही. आमच्या जिल्ह्यात सिद्धेश्वर धरण आहे. धरणाच्या काठावर राहणं आणि धरणाचं पाणी पिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आणि मासे. कफ परेडच्या टॉवरांच्या पायाशी मच्छीमार नगर आहे. पत्र्याची, सिमेंटची घरं, गल्लीत वाळत घातलेले बोंबील, पुढे होड्या. 26 नोव्हेंबर 2008 च्या संध्याकाळी अतिरेकी इथेच किनाऱ्याला लागले, आणि त्यांना पहिल्यांदा 'कोण तुम्ही' म्हणून विचारणारे इथलेच मच्छीमार होते. तिथे चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या नाखव्यांची आणि माझी ओळख झाली. ते म्हणाले, पूर्वी किनाऱ्यावरून जाळं दिसायचं इतक्यात मासळी मिळायची, आता होडी लांब न्यावी लागते, डिझेल जळतं. समोर भर पडली, पाणी घाण झालं, मोठ्या ट्रॉलरनी समुद्र खरवडला. त्यांच्या घरापासून समुद्र वीस पावलांवर आहे आणि मासळी तासन्‌तास लांब.

ज्याच्याकडे जवळ असण्याचा हक्क असतो त्याला आणखी एक गोष्ट मिळते. आपल्याजवळ आणखी कोण यावं, यावर बोलायचा अधिकार. गेटवेच्या पलीकडे रेडिओ क्लबजवळ सरकारने नवी प्रवासी जेट्टी काढली. आसपासच्या रहिवाशांनी हायकोर्टात तिला विरोध केला. गर्दी होईल, रस्ते अरुंद आहेत, वारशाला धक्का लागेल. जुलै 2025 मध्ये कोर्टाने अटी घालून बांधकामाला मोकळीक दिली. रहिवाशांचे मुद्दे सगळे खोटे होते असं मला वाटत नाही, त्या रस्त्यावर आत्ताच चालायला जागा नसते. पण मी ती बातमी वाचताना विचार करत होतो, भातशाचं धरण झालं तेव्हा तिथल्या लोकांचं म्हणणं ऐकायला किती वकील उभे राहिले असतील.

*

आता मूळ मुद्द्यावर येतो. माझं लग्न.

28 वर्षांचा, इंजिनिअर, मुंबईला कुलाब्यात. गावाकडे बायोडाटा फिरला तेव्हा 'कुलाबा' हा शब्द मायनं मुद्दाम टाकायला लावला. स्थळं आली. सगळीकडे दुसरा प्रश्न ठरलेला, "स्वतःची जागा हाय का?" मुंबईत भाड्याने, तेही पेइंग गेस्ट, हे कळलं की चहाचे कप लवकर उचलले जायचे. शेती किती हा प्रश्न असायचाच, पण त्याचा अर्थ 'मुलगा शेती करणार नाही ना' असा असायचा. शेती पाहिजे, शेतकरी नको. आमच्या भागातल्या माझ्या वयाच्या कुणालाही विचारा.

मग एका रात्री बाबांचा फोन आला. एरवी फोन माय करते, बाबा मागून बोलतात. त्या रात्री त्यांनी स्वतः लावला.

"जेवलास का?"

"जेवलो. तुम्ही?"

"जेवलो. आयक, कालव्याकडचे तीन एकर काढून टाकावं म्हणलं. गिऱ्हाईक हाये. एकरी वीस म्हणायलंय. तुझ्या जागंचं होऊन जाईल."

मी काहीच बोललो नाही. आमची एकूण जमीन पाच एकर. कालव्याकडचे तीन एकर म्हणजे हळदीचे. उरलेल्या दोनात पाणी नाही, तिथे सोयाबीन आणि देवावर भरवसा. माझी इंजिनिअरिंगची फी त्या तीन एकरांनी भरली. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करून बाजारात न्यायची, आणि पुढच्या वर्षीसाठी बेणं बाजूला काढायचं. मी बारावीपर्यंत वाळत घातलेल्या हळदीवर राखणीला झोपलोय. अजूनही पावसात शर्ट भिजला की मला उगाच वाटतं पिवळा डाग उतरेल.

पण खरं सांगायचं तर पहिल्यांदा मनात आलं ते असं, की होऊन जाईल. मी लगेच फोनवर कॅल्क्युलेटर उघडला.

एकरी वीस, म्हणजे साठ लाख. ऑफिसखाली रोज सिगारेट ओढणारा एक इस्टेट एजंट ओळखीचा झाला होता. त्याने कफ परेडचा भाव सांगितला होता, चौरस फुटाला साठ हजारांच्या वर. साठ लाख भागिले साठ हजार, बरोबर शंभर. शंभर चौरस फूट. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट, तीन एकर म्हणजे 1,30,680. एवढी काळी, कालव्याच्या पाण्याची जमीन द्यायची आणि बुजवलेल्या समुद्रावर, बाराव्या मजल्यावर, हवेत शंभर चौरस फूट घ्यायचे. आमच्या गोठ्यात एका बैलाला त्याहून जास्त जागा होती.

बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले. "तिथं कोण घ्यायलंय? कल्याणकडं बघ. बदलापुरात आपल्या पाव्हण्याचं पोरगं हाये."

कल्याण-बदलापूरकडे साठ लाखांत घर मिळतं. मिळतं म्हणजे एक बेडरूम, लिफ्टवाली बिल्डिंग, स्टेशनपासून रिक्षा. तिथून माझं ऑफिस एका बाजूने दोन तास, गाडी वेळेवर असेल तर. मी पुन्हा हिशोब केला, या वेळी मिनिटांचा. आज रोज अर्धा तास जातो. जागा घेतली की चार तास. महिन्याला पंचवीस दिवस धरले तर जवळजवळ नव्वद तास जास्त. म्हणजे घर घेतल्यावर मी नालासोपाऱ्याच्या वॉचमनच्या आणि मानखुर्दच्या मावशींच्या रांगेत जाऊन उभा राहणार, आणि त्यासाठी बाबा कालव्याचं पाणी सोडणार. कुलाब्याचं जवळपण तसंच राहील. त्यासाठी चालणाऱ्यांत एक माणूस वाढेल.

"एकदा येऊन बघा," मी म्हणालो. "मग ठरवू."

*

बाबा डिसेंबरमध्ये आले. परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने, पिशवीत भाकरी, ठेचा आणि काकूंसाठी पाच किलो हळद. मुंबई त्यांनी आधी एकदाच पाहिली होती, मोर्चाला आले होते तेव्हा आझाद मैदानापर्यंत. काकूंनी त्यांना हॉलमधला दिवाण दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ते उठून बसले होते. गावाकडे ही उठायची वेळ, इथे जायचं कुठं? मी त्यांना ससून डॉकला नेलं. फोटो काढायला बंदी आहे, त्यामुळे जे पाहिलं ते डोळ्यांनीच. बोटींमधून टोपल्या वर फेकल्या जात होत्या, बर्फाचा चुरा, लिलावाच्या आरोळ्या, ओल्या फरशीवर पाय घसरत होते. बाबा माळकरी. पंचा नाकाला लावून कडेला उभे राहिले. मला वाटलं परत चला म्हणतील. पण ते लिलाव बघत होते. अर्ध्या तासाने म्हणाले, "मोंढ्यावाणीच हाये की. माल याचा, भाव त्याचा."

शेडमध्ये बाया ओळीने बसून कोळंबी सोलत होत्या. बर्फाच्या पाण्यातल्या कोळंबीत हात, बोटं पांढरी पडलेली. मोबदला सोललेल्या मालावर. त्यातल्या एकीची बोली ऐकून बाबा थबकले. "कुठल्या गं माय तुम्ही?" ती म्हणाली, कंधारकडची. तांड्यावरून आई-बापाबरोबर लहानपणी आली ती आलीच. दोघं दहा मिनिटं पाऊस, कापूस आणि एका ओळखीच्या निघालेल्या मास्तरांबद्दल बोलले. ती बोलताना एकदाही वर बघत नव्हती, हात चालूच होते. निघताना बाबांनी तिला, का कोण जाणे, नमस्कार केला.

मग मच्छीमार नगर. नाखवे टपरीवर होतेच. दोन म्हाताऱ्यांची जमली. बाबांनी विचारलं किती लांब जावं लागतं, डिझेलला किती लागतं, पोरं काय करतात. नाखव्यांचा मुलगा एका कंपनीत आहे, होडीवर येत नाही. खलाशी बाहेरून आणावे लागतात. जून-जुलै मासेमारी बंद, तेव्हा होडीची डागडुजी, तीही कर्ज काढून. परत येताना बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ह्यांचं रान लांब गेलंय. रान इकलं न्हाई ह्यांनी, तरी गेलं."

संध्याकाळी मी त्यांना कफ परेडच्या एका काचेच्या दुकानात घेऊन गेलो. उगाच, एसी लागावा म्हणून. तिथे फळीवर बरण्या होत्या. एकीवर इंग्रजीत लिहिलं होतं, सेंद्रिय हळद, 200 ग्रॅम, किंमत 350 रुपये. त्या वर्षी बाबांचा माल क्विंटलला साडेबारा हजारांनी गेला होता, म्हणजे किलोला सव्वाशे. त्यांनी बरणी हातात घेतली, उजेडात धरली, झाकणाचा वास घेतला. "कुठली हाये?" मी लेबल पाहिलं. कंपनीचं नाव होतं, गावाचं नव्हतं. 2024 मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात पेढे वाटले होते. बाबांनी बरणी जागेवर ठेवली, लेबल पुढच्या बाजूला करून, जशी होती तशी. "सव्वाशेचे साडेसतराशे," रस्ता ओलांडल्यावर म्हणाले. हिशोब त्यांनी कॅल्क्युलेटरशिवाय केला होता.

शेवटच्या दिवशी मी त्यांना लोकलने बदलापूरला नेलं, पाहुण्याच्या मुलाकडे. जाताना गाडी रिकामी होती. परत येताना आम्ही मुद्दाम त्याच्याबरोबर सकाळी सातची धरली. तो रोज जातो तशी. बाबांना दादरपर्यंत दोन्ही हात खाली सोडता आले नाहीत. तो मुलगा एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हातातल्या फोनवर सीरियल बघत होता. उतरल्यावर बाबांनी विचारलं, "हा असा किती वर्षं करायलाय?" मी म्हणालो, सात. त्यावर ते काही बोलले नाहीत.

*

मला कुणी विचारलं की मग उपाय काय, तर माझ्याकडे मोठं उत्तर नाही. हॉस्पिटल वसमतला यायला हवं, कॉलेज हिंगोलीला, बरणीवर गावाचं नाव आणि त्या नावाचे पैसे गावाला, आणि कामावर येणाऱ्या माणसाला कामाजवळ राहायला परवडेल असं घर. हे सगळं कुणीतरी आधीच सांगितलेलं आहे. आमच्या टीममधला मुंबईचा पोरगा म्हणतो, वर्क फ्रॉम होम घे आणि गावी बस. बसलो असतो. पण बँकेच्या सिस्टिमला हात लावायचा तर ऑफिसातच यावं लागतं, आणि हट्ट्यात लाइट गेली की टॉवरची रेंजही जाते.

मी माझ्यापुरतं एवढं ठरवलंय. कुलाब्यात राहून मला जे जवळपण मिळालंय ते उसनं आहे, काकू आहेत तोवरचं. ते कायमचं विकत घ्यायची माझी ऐपत नाही. आणि त्याच्या नावाखाली लांबचा प्रवास विकत घ्यायला कालव्याकडचं रान द्यायचं नाही. वर्षाकाठी जे साठतं त्यातून बोअरला पाइप आणि दोन एकरांत ठिबक. निदान तिकडचं पाणी जवळ येईल.

जानेवारीत परभणीचं एक स्थळ आलं. मुलगी फार्मसी झालेली, तिथल्याच एका औषध दुकानात काम करते. आम्ही दोघं फोनवर बोललो. तिने जागेचं विचारलं, मी सगळं सांगितलं. पेइंग गेस्ट, लाकडी जिना, तिसरी पायरी. तीन एकरांचंही सांगितलं. ती म्हणाली, "मला मुंबईत नोकरी करायचीये. भाड्याची खोली चालेल. पण जमीन इकून घेतलेल्या घरात मी नाही येणार. उद्या काही झालं की ते माझ्याच नावावर लागेल." मग म्हणाली, कुलाब्यात केमिस्टची दुकानं किती आहेत ते बघून ठेवा.

मी मोजली. आमच्या घरापासून ऑफिसपर्यंत पाच.

घरात अजून काही पक्कं झालेलं नाही. तिच्या वडिलांना स्वतःची जागा पाहिजेच आहे. मायला वाटतं मी हट्ट सोडावा. बाबा बदलापूरबद्दल काही बोलत नाहीत आणि गिऱ्हाइकाचंही नाव काढत नाहीत. मागच्या आठवड्यात फोनवर माय बोलत होती, हळद काढून झाली, या वर्षी उतारा बरा पडला, मजूर मिळेनात. मी विचारलं बाबा कुठं आहेत. म्हणाली, गोठ्यामागच्या सावलीत बेणं निवडत बसलेत.

"किती एकराचं?" मी विचारलं.

तिने फोन बाजूला धरून त्यांना हाक मारली. लांबून त्यांचा आवाज आला, "तीन."